बोटीतली हजेरी

१

सहलीच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं आणि पेटीतले सगळे खोटे मासे त्यावर ओतायचे, ही त्या घरातली रीत होती. लाकडी, प्लॅस्टिकचे, बोटभर, वीतभर. काहींचे डोळे अजून टवटवीत, काहींचे खरवडून गेलेले. एकेकाच्या पोटाखालचा गळ कानशीवर घासायचा आणि नखावर टेकवून बघायचा. नखावरून घसरला तर पुन्हा घासायचा, रुतला तर झालं. गळ बाबा घासायचे, रिळांना तेल काका द्यायचा, आणि रंग उडालेल्या माशांना आई नेलपॉलिश लावायची. शेवाळी हिरवं, चमकी असलेलं, फुकट दिलं तरी कुणी नखाला लावणार नाही असं. वहिनी, हे मासे लग्नाला निघालेत का, असं काका तिला दर वर्षी चिडवायचा. निघालेत तर निघालेत, जेवायला कुणीतरी येणारच आहे, असं आईचं दर वर्षीचं उत्तर.

या वर्षी वर्तमानपत्र पसरलं, मासे ओतले, आणि नेलपॉलिशची बाटली पेटीच्या तळाशी निघाली. धाकटीने झाकण फिरवून पाहिलं. ते फिरलं नाही. आतलं सगळं वाळून काचेला चिकटलं होतं. तिने बाटली होती तिथे ठेवली आणि पुढचा गळ हातात घेतला.

तिला काही वाटलं नाही. वर्षभर तिला काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जागेवर असतो, पण आपला नसतो, तसं. मोठी बहीण लग्न होऊन लांब गेलेली, ती फोनवर रडायची. धाकटी ते ऐकून घ्यायची आणि फोन ठेवल्यावर भांडी घासायची.

यंदाही जायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. खंड पडायला नको, म्हणाले. आई गेली त्याच नदीवर, त्याच बोटीने, त्याच दिवसांत. धाकटीने आधी आकांडतांडव केलं असतं. आता तिने एवढंच सांगितलं की मीही येणार, आणि मागच्या बाकावर मी बसणार.

बाबांनी मान वर केली नाही. बस, म्हणाले.

२

बाबा कागदाच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होते. तिथे यंत्रांचा आवाज इतका की माणूस शेजारी उभा राहून ओरडला तरी फक्त ओठ दिसायचे. शिफ्ट संपली की यंत्रं थांबायची, बाबा दाराशी पाठमोरे उभे राहायचे आणि जागेच्या नावाने हजेरी घ्यायचे. माणसाच्या नावाने नाही. कापणीवाला? आहे. लगदावाला? आहे. सगळे 'आहे' मिळाले की 'ठीक' म्हणून दाराबाहेर. आपल्या शिफ्टमधला एक माणूस कधी इकडचा तिकडे झाला नाही, ही त्यांची आयुष्यभराची मिरवण्याची गोष्ट.

निवृत्त झाल्यावर ती हजेरी बोटीत आली. बोट अरुंद आणि लांब. पुढच्या टोकाला बाबा, पाण्यात बुडालेले ओंडके बघायला. त्यांच्या मागे काका, चाकावर. मग बर्फाची पेटी. आणि तिच्याही पलीकडे मागचा बाक, उलट्या तोंडाचा. त्यावर बसणाऱ्याने आपला खोटा मासा दोऱ्याला लावून बोटीमागे सोडायचा आणि त्याच्यावरून नजर हलवायची नाही. तो बाक आईचा. तिघांची तीन दिशांना तोंडं, वर ताडपत्रीचं छप्पर, मोटरची घरघर. म्हणून प्रत्येक वळणावर काकाने मोटर मंद करायची आणि बाबांनी विचारायचं. मधला? आहे. मागची? आहे. ठीक.

गेल्या वर्षी परतीच्या वाटेवर प्रत्येक वळणावर 'आहे' आलं होतं. अगदी शेवटच्या वळणावरही. त्यावर दोघे भाऊ ठाम होते. मग धक्का आला, बाबांनी दोर बांधला, काका पेटी उचलायला वळला, आणि मागचा बाक रिकामा होता. गळाची काठी खाचेत नीट उभी, दोरा नीट गुंडाळलेला. बाक ओला होता.

शेवटचं वळण ते धक्का एवढ्या पाण्यात शोध झाला. काही मिळालं नाही. त्या पाण्यात काय राहतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी फार विचारलंही नाही. धाकटी तेव्हा परीक्षेसाठी वसतिगृहात होती. ती आली आणि तिने एकच गोष्ट विचारली.

"मागे वळून कुणी पाहिलं होतं का?"

"आवाज आला होता," बाबा म्हणाले.

"पाहिलं होतं का, विचारतेय मी."

"आवाज येत होता ना. मग पाहायचं कशाला?"

काका तेव्हा चष्मा पुसत होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस, आणि बोटीत त्याने एकदाही मान वळवली नव्हती.

तेव्हापासून धाकटीच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती. आई शेवटच्या वळणानंतरच गेली असं नाही. ती कितीतरी आधी गेली असेल, कुठल्याही वळणावर. दोघे म्हातारे सवयीने ऐकत राहिले, आणि जिथे ती होती तिथे कुणी शोधलंच नाही. तिला आता दुसरं काही नको होतं. बाबांनी एकदा, एकदाच, मागे वळून पाहावं.

३

धक्क्यावरची खोली होती तशीच आहे, असं काका म्हणाला. लांबट खोली, पत्र्याचं छप्पर, खिडक्यांना जाळी, चार खाटा. चौथ्या खाटेवर बाबांनी आल्या आल्या सामान रचलं, म्हणजे तिचं काय करायचं हा प्रश्न उरला नाही. ऊन उतरायला लागलं तसा पत्रा वर कुठेतरी टक्‌ करून वाजायचा, मग बराच वेळ गप्प, मग दुसऱ्या कोपऱ्यात टक्‌. दाराबाहेर पाटी होती, पाण्याच्या कडेला उभे राहू नये. पाटीवरच्या मगरीचा डोळा गंजाने खाल्ला होता.

नळ बाहेर होता, खोलीच्या डोंगराकडच्या बाजूला. संध्याकाळी डब्यातलं जेवण झाल्यावर धाकटी तिथे दात घासत उभी राहिली. जाळीतून तिला बाबांची पाठ दिसत होती. ते खाटेवर बसून दोर गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळताच त्यांनी हजेरी घेतली. खोलीतही. त्यांना ते कळलंही नसावं.

"मधला?"

"आहे," काका उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"मागची?"

धाकटीचं तोंड फेसाने भरलं होतं. ती थुंकायला वाकली.

"ठीक," बाबा म्हणाले.

ती आत आली तेव्हा काका चादर पसरत होता. तिने त्याला विचारलं, मी आत्ता उत्तर दिलं का. दिलंस की, तो म्हणाला. जरा घोगरा आला आवाज. तोंडात ब्रश धरून बोलू नये माणसाने.

दिलं असेल. वर्षभर ती कशाकशाला उत्तरं देत आली होती. जेवलीस का, हो. झोपलीस का, हो. ती उत्तरं कोण देतं याची चौकशी तिने कधी केली नव्हती. एक 'आहे' तोंडातून गेलं असेल फेसाबरोबर.

पाठ टेकल्यावर मात्र तिच्या ध्यानात आलं. 'आला आवाज' म्हणताना काकाने हनुवटीने खिडकी दाखवली होती. ती नळाकडची खिडकी नव्हती. पाण्याकडची होती.

काका असाच आहे, तिने स्वतःला सांगितलं. त्याला डावं-उजवं कधी कळलंय? मग ती झोपली. ती हल्ली लगेच झोपायची.

४

सकाळी नदीवर धूर असल्यासारखं धुकं होतं आणि पाणी चहाच्या रंगाचं. मागच्या बाकाचं रेक्झिन फाटलं होतं तिथे आईने माशाच्या दोऱ्यानेच टाके घातले होते. धाकटी त्या टाक्यांवर बसली. बर्फाच्या पेटीला पाठ लावली, खोटा मासा पाण्यात सोडला, दोरा सुटू दिला. मासा दूर मागे वळवळत येऊ लागला. घाबरलेला मासा येतो तसा, जरा डावीकडे, जरा उजवीकडे.

दोन्ही काठांना झाडांची मुळं पाण्यात उतरली होती, आणि मुळांच्या मागे चिखल, आणि चिखलामागे पुन्हा झाडं. पाय ठेवायला जागा नाही. पक्षी होते, पण बोट जवळ आली की थांबायचे आणि बोट गेल्यावर पुन्हा सुरू व्हायचे. त्यामुळे बोटीभोवती सतत एक गप्प जागा होती, आणि ती जागा त्यांच्याबरोबर पुढे सरकत होती.

पहिल्या वळणावर मोटर मंदावली.

"मधला?"

"आहे."

"मागची?"

"आहे," धाकटी म्हणाली.

'ठीक' यायला उशीर झाला. फोनवर लोक तिला आईच समजायचे, ते तिला आठवलं. आवाज हुबेहूब. मोठीचा नाही, हिचाच. वर्षभरात ती घरात इतकं कमी बोलली होती की ते सगळेच विसरले होते.

दुसऱ्या वळणावर तिने प्रयोग केला. ओठ मिटले, आणि भरवसा नको म्हणून दोन बोटांनी दाबून धरले. मोटर मंदावली. मधला, आहे. मागची? पाणी बोटीच्या पत्र्याला चाटत होतं. तिच्या समोर, म्हणजे बोटीच्या मागे, एक बारीक आवाज झाला. मिटलेलं तोंड उघडतं तेव्हा होतो तेवढाच.

"ठीक," बाबा म्हणाले. मोटर वाढली.

ती ओरडली की मी उत्तर दिलंच नव्हतं. ऐकू आलं, असं बाबा पुढे बघतच म्हणाले. काका म्हणाला, सकाळी सकाळी चिडू नकोस, मासे पळतील.

धाकटीला याचं स्पष्टीकरण लगेच सापडलं, कारण ते तिला जन्मापासून माहीत होतं. यांना जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. तिने लग्नाला नाही म्हटलं होतं तेव्हा यांना 'बघू' ऐकू आलं होतं. वसतिगृहात खूश आहे म्हटलं तेव्हा 'घरी यायचंय' ऐकू आलं होतं. मोटर घरघरतेय, प्रश्न आपणच विचारायचा, उत्तरही आपल्याच कानात तयार असतं. आईचंही असंच झालं असणार. किती वळणं ही माणसं आपल्याच कानातल्या बायकोशी बोलत आली असतील.

स्पष्टीकरण चोख होतं. फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. बाबांनी 'मागची' म्हटलं तेव्हा तिचा दोरा सैल पडला होता. मागून येणारं काहीतरी बोटीपेक्षा थोडं जास्त वेगाने जवळ आलं, तर दोरा तसा सैल पडतो. 'ठीक' म्हटल्यावर तो पुन्हा ताणला गेला.

५

अर्ध्या वाटेवर खडकांचा एक आडवा पट्टा होता. नदी त्यावरून घोट्याएवढी वाहायची. तिथे सगळ्यांनी उतरायचं, बोट हलकी करायची, बाबांनी पुढून दोर ओढायचा, काकाने ढकलायचं. वरच्या पाण्यात बोट तरंगली की ठरलेल्या क्रमाने चढायचं. आधी बाबा, मग काका. मागची शेवटी, कारण ती चढली की मागचं टोक खाली बसतं आणि त्यावरून काकाला निघायचं कळतं.

पट्ट्याच्या बाजूला पाणी काळं आणि खोल होतं, आणि त्या डोहाच्या पलीकडच्या चिखलात मगर पडली होती. तोंड उघडं. डोळे उघडे. तिच्याकडे बघून ती जिवंत आहे हे कशावरून ठरवायचं ते धाकटीला कळेना. काका नेहमीच्या सूचना देऊ लागला. वाकू नकोस, रेंगाळू नकोस, एका जागी दोनदा मासा साफ करायचा नाही, रोज एकाच वेळी एकाच जागी पाणी भरायचं नाही. ती पळत नाही, शोधत नाही. ती फक्त बघते की तुम्ही रोज काय करता.

धाकटीने विचारलं, मग इतकी वर्षं आपण त्याच वळणांवर तीच हाक मारतो, ते काय आहे?

काका हसला. मगरीला काय हजेरी देता येते, म्हणाला. पण हसताना त्याने बाबांकडे पाहिलं, आणि बाबा दोर हाताला गुंडाळत होते, आणि त्यांचं गुंडाळणं क्षणभर थांबलं.

चढताना तिला डोहावर वाकलेल्या एका झाडाच्या फांदीत काहीतरी हिरवं चमकलेलं दिसलं. किंगफिशर असावा. तिने लक्ष दिलं नाही.

६

वरच्या पाण्यात मासेमारी चांगली झाली. तिथे मोटर बंद असते आणि बोलता येतं. बाबा पुढच्या टोकावरून काठी झुलवून खोटा मासा थेट मुळांच्या फटीत टाकत होते. वयाच्या मानाने हात सफाईदार. धाकटीचा मासा सारखा फुकट परत येत होता.

"ओढत राहू नकोस," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "टाक, दोनदा हलव, आणि थांब. पळणाऱ्याला मासा नुसता बघतो. थांबलेल्याला धरतो."

तिने तसं केलं. थांबली. पाण्यावर एक वर्तुळ उठलं आणि काठी वाकली. हाताला धक्का बसला, आणि तेवढ्या वेळापुरतं तिला काहीतरी वाटलं, खांद्यापासून मनगटापर्यंत. मासा वर आला तेव्हा मोठा होता, चंदेरी, कल्ले उघडझाप करणारा. काकाने टाळ्या वाजवल्या. वाटलेलं लगेच गेलं.

बाबा म्हणाले की आई इथे अगदी गप्प बसायची, घरी इतकी बोलायची पण इथे नाही. ते बराच वेळ त्यावर बोलले, म्हणजे त्यांच्या मानाने. शेवटची काही वर्षं तिला हा प्रवास नको असायचा, पण खंड नको म्हणून ती यायची. धाकटीला हे माहीत नव्हतं. तिला राग यायला हवा होता. तो कुठे ठेवलाय ते सापडत नसल्यासारखी ती बसून राहिली.

मग ती म्हणाली, "बाबा, परत जाताना हाक मारलीत की मागे वळून बघा. मला दुसरं काही नको."

बाबांनी दोरा गुंडाळून घेतला. रिळाची कटकट थांबल्यावर म्हणाले, "बघू."

त्यांचं 'बघू' म्हणजे नाही, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

७

परतीला ऊन नेमकं मागून येत होतं, म्हणून धाकटीने आपल्या बाकासमोरची ताडपत्री अर्ध्यावर सोडली. आता तिला फक्त पाण्याचा खालचा पट्टा दिसत होता आणि त्यात मागून येणारा तिचा मासा. वळणांवर ती 'आहे' म्हणत होती. नियमाने, वेळच्या वेळी. दुसऱ्या कुणाला जागा मिळू नये अशा घाईने. हे कशासाठी करतेय असं तिने स्वतःला विचारलं नाही.

खडकांच्या पट्ट्यावर तिघे उतरले. बाबा दोर घेऊन पुढे, काका मागून ढकलतोय, बोट खरखरत खडकावरून उतरतेय. चिखलात मगर नव्हती. तिची लांबट खूण होती, पाण्यापर्यंत घसरत गेलेली.

या बाजूने झाड समोर येत होतं, आणि फांदीतलं हिरवं सकाळच्याच जागी होतं. इतका वेळ एका जागी कुठला पक्षी बसत नाही.

आले हां मी, एक मिनिट, असं ती काकाला म्हणाली. काका ढकलता ढकलता हं म्हणाला. म्हातारी माणसं म्हणतात तसं, कशालाही.

झाड लांब नव्हतं. खडक संपतो तिथे उंचवट्यावर होतं, पाण्याच्या वर. फांदीला बोटभर लाकडी मासा लोंबत होता, शेवाळी हिरवा, चमकी असलेला. तो वाऱ्याने येऊन अडकलेला नव्हता. त्याचा दोरा खोडाभोवती गुंडाळला होता, एकावर एक, शेजारी शेजारी, घाई न करता. आई लोकर गुंडाळायची तसा. माणसाच्या डोक्याच्या उंचीला सुरू होऊन कमरेपर्यंत. हे करायला वेळ लागतो. हे करायला खूप वेळ हाताशी असावा लागतो, आणि दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नसावं लागतं.

म्हणजे ती इथे उतरली होती आणि पुन्हा चढली नव्हती. आणि इथून पुढच्या प्रत्येक वळणावर 'आहे' आलं होतं.

धाकटीने हात वर करून मासा पकडला. तो चिकट होता. तिने बोटं पाहिली. बोटांना हिरवा रंग लागला होता.

मागे खडकावर बोटीची खरखर थांबली आणि बोट पाण्यात तरंगल्याचा तो पोकळ आवाज आला. बाबा चढले. काका चढला. धाकटी वळली, तोंड उघडलं, आणि तिला दिसलं की बोटीचं मागचं टोक हळूच खाली बसतंय. ती स्वतः चढल्यावर बसतं, तेवढंच.

"मधला?"

"आहे."

"मागची?"

"आहे."

घोगरा नव्हता आवाज. स्वच्छ होता, थोडा वैतागलेला, म्हाताऱ्यांना कंटाळलेला. तिला स्वतःलाही तो आपला वाटला. मोटर सुरू झाली.

८

ती ओरडली. 'काका', मग 'बाबा', मग नुसतीच ओरडली. पक्षी गप्प झाले, बोटीसाठी होतात तसे. मोटरच्या वरून काही पोचत नव्हतं, आणि त्या दोघांना मागून काही येण्याची अपेक्षाही नव्हती. त्यांचं उत्तर मिळालं होतं.

बोट लांब जाऊ लागली. तिच्याकडे बोटीची मागची बाजू होती. अर्ध्यावर सोडलेल्या ताडपत्रीखाली बाकाची कड दिसत होती, आणि बाकावर कुणीतरी बसल्यावर दिसतात तसे दोन गुडघे, किंवा गुडघ्यांसारखं काही, ओलं, उन्हात चकाकणारं. त्यांच्यामधून दोरा निघून पाण्यात गेला होता. दोऱ्याच्या टोकाला तिचा खोटा मासा वळवळत चालला होता, जरा डावीकडे, जरा उजवीकडे.

वळणापाशी मोटर मंदावली. पाणी सपाट होतं आणि आवाज पाण्यावरून अगदी नीट आला.

"मधला?"

"आहे."

"मागची?"

आणि बाबांनी मागे वळून पाहिलं.

तिने ते अगदी स्पष्ट पाहिलं. त्यांनी हात बोटीच्या कडेवर टेकला, कंबर वळवली, मान वळवली, आणि बर्फाच्या पेटीवरून, ताडपत्रीच्या आत, मागच्या बाकाकडे पाहिलं. उशीर न लावता, नीट, तिने सांगितलं होतं तसं. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन होतं. ते पाहत राहिले. मग त्यांनी मान हलवली, आपल्या माणसाला पाहून हलवतात तशी, जरा लाजून, बघ, तुझं ऐकलं की नाही, अशा अर्थाने.

"ठीक," म्हणाले, आणि पुढे वळले.

बोट वळणाआड गेली. घरघर काही वेळ झाडांमधून येत राहिली.

धाकटी झाडाला पाठ लावून उभी होती. डोह तिच्या मागच्या बाजूला होता. तिला भीती वाटायला हवी होती आणि ती वाटेल म्हणून ती थांबून राहिली, जीभ गालाला लावून सुई उतरली का ते बघावं तशी. उतरली नव्हती. पुढची सगळी वळणं तिला ठाऊक होती. तिथे काय विचारलं जाईल आणि काय उत्तर येईल, तेही. धक्का येईल, बाबा दोर बांधतील, काका पेटी उचलायला वळेल. मग शोध घेतील, शेवटचं वळण ते धक्का.

केसांचा रबर काढून तिने तो फांदीला अडकवला, हिरव्या माशाच्या शेजारी. निदान पुढच्या कुणीतरी पाहावं.

मग दुसरं वळण आलं असावं, कारण खूप लांबून, ऐकू आलं की नाही अशी शंका यावी इतक्या लांबून, बाबांचा आवाज आला.

"मागची?"

बोटीतून काय उत्तर गेलं ते इथवर पोचलं नाही. पण तिच्या मागून, पाण्याच्या बाजूने, अगदी जवळून, थकलेल्या आणि सवयीच्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"आहे."

फोनवर लोक तिचा आवाज जिचा समजायचे, तिचा.

वर्षभर ती सगळ्यांना एकच गोष्ट विचारत आली होती. आता नुसती मान वळवायचं काम होतं.

तिने समोर बघितलं. ती समोरच बघत राहिली.